हिरव्या ठिपक्याकडे धावणारे कण: सोलापुरातल्या एका प्रयोगाचं प्रकरण

फेब्रुवारीतली दुपार. माझी एमएस्सीची विद्यार्थिनी स्टाफरूमच्या दारात धापा टाकत उभी. "मॅडम, चला ना लवकर, कॅडमियम सल्फाइड पार तिकडून ओढलं जातंय!"

पडद्यावर खरंच तसं दिसत होतं. मधोमध हिरवा ठिपका आणि चहूबाजूंनी त्याच्याकडे सरकणारे बारके काळे कण. गड्ड्याच्या जत्रेत पाळण्याच्या तिकीटखिडकीकडे गर्दी सरकते तसे, घाई नाही पण दिशा पक्की. आम्ही चित्रावर मोजपट्टी लावली. सगळ्यात लांबून निघालेला कण ठिपक्यापासून ३० मायक्रोमीटरवर होता. ती खूश होती. मीही होते, पाचेक मिनिटं.

मग तो ३० चा आकडा टोचायला लागला. हे लिखाण त्या टोचणीबद्दल आहे. अर्धवाहकाचे नॅनोकण (कॅडमियम सल्फाइड हा त्यातलाच एक अर्धवाहक) प्रकाशाने हलवायचे, असा आमचा प्रकल्प होता आणि पडद्यावर कण हलत होते. ते कशाने हलत होते, हे शोधायला आम्हाला मार्च आणि एप्रिल असे दोन महिने लागले.

जुळणी

प्रकाशचिमटा, म्हणजे लेसरच्या झोतात कण पकडून ठेवणं, ही कल्पना ऐकायला जादूची वाटली तरी हिशोब साधा आहे. प्रकाशाला वस्तुमान नाही, पण संवेग आहे. पारदर्शक कणाचा अपवर्तनांक भोवतालच्या पाण्यापेक्षा जास्त असेल तर किरण त्यातून जाताना वळतो. किरण वळला म्हणजे त्याचा संवेग बदलला, आणि त्याची भरपाई कणाकडून वसूल होते. झोताच्या मध्यात उजेड जास्त, कडेला कमी, त्यामुळे सगळी वजाबाकी होऊन कण मध्याकडे ढकलला जातो. आर्थर अ‍ॅश्किन यांनी बेल लॅबमध्ये १९७० साली लेसरने बारीक गोळ्या ढकलून दाखवल्या. १९८६ मध्ये सहकाऱ्यांसह एकाच झोताचा चिमटा करून दाखवला आणि २०१८ मध्ये, वयाच्या ९६ व्या वर्षी, त्यांना नोबेल मिळालं.

आमचं महाविद्यालय सोलापूरच्या पूर्व भागात. मागच्या भिंतीला लागूनच यंत्रमागाचा कारखाना. कंपनं शोषून घेणारं खास टेबल घ्यायचं तर काही लाख मोजावे लागतात, ते आमच्या बजेटमध्ये बसणारं नव्हतं. म्हणून दोन जाड शहाबादी फरश्या एकावर एक ठेवल्या. मध्ये कारखान्यातून मागून आणलेल्या नापास टर्किश टॉवेलच्या घड्या, खाली स्कूटरच्या चार ट्यूब. ट्यूबमधली हवा दर सोमवारी आमचे प्रयोगशाळेतले मामा सायकलच्या पंपाने भरतात. सूक्ष्मदर्शक अंबाल्याचा, त्याला तेल लावून वापरायचं शंभरपट भिंग. लेसर ५३२ नॅनोमीटरचा, हिरवा, २०० मिलिवॅट छापलेला. वाटेतली काच आणि भिंग यांत जाणारा उजेड वजा करून नमुन्यावर पोचायचा साधारण ३० मिलिवॅट. कॅमेरा संगणकाला जोडायचा साधाच, सेकंदाला ३० चित्रं काढणारा. (एवढ्या लेसरने डोळा क्षणात जातो. चष्म्याशिवाय खोलीत पाऊल टाकायचं नाही, हा नियम मामांनी माझ्यापेक्षा कडक पाळला.)

डिसेंबरात पहिल्यांदा पॉलिस्टायरीनची एक मायक्रोमीटरची गोळी अडकली. तिच्या थरथरीची नोंद घेतली आणि आलेख काढला, तर दोन हर्ट्झच्या जरा अलीकडे एक ठसठशीत उंचवटा. इलेक्ट्रॉनिक्स तपासलं, पंखा बंद केला, मोबाइल बाहेर ठेवले. उंचवटा जागेवरच. विद्यार्थिनी आलेखाकडे बघत बोटाने टेबलावर ठेका धरून बसली होती. एकदम थांबली. "मॅडम, हा आमच्या घरचा आवाज आहे." तिच्या घरी माग आहेत. भिंतीला कान लावून तिने मिनिटभर धोट्याचे ठोके मोजले. ११० च्या आसपास भरले. भागिले ६०, म्हणजे १.८ हर्ट्झ. जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेतल्या अक्षतेच्या दिवशी पलीकडचे माग बंद होते, तेव्हा मुद्दाम येऊन नोंद घेतली. उंचवटा गायब. भिंतीपलीकडे विणली जाणारी चादर आमच्या गोळीच्या थरथरीत दिसत होती, याचा मला आजही अभिमान वाटतो. मोजमापाच्या दृष्टीने मात्र ती कटकटच. तेव्हापासून महत्त्वाची निरीक्षणं मागवाल्यांच्या जेवणाच्या सुट्टीत घ्यायची असं ठरलं.

कागदावरचा हिशोब

अर्धवाहक कण पॉलिस्टायरीनच्या गोळीपेक्षा दोन बाबतींत वेगळे. त्यांचा अपवर्तनांक मोठा, म्हणून ओढ जास्त. पण ते फार लहान असतात, आणि ओढ त्रिज्येच्या घनाच्या प्रमाणात घटते. त्रिज्या निम्मी केली की ओढ आठवा हिस्सा.

चिमट्याने कण धरून ठेवायचा तर पाण्याचे रेणू त्याला जे धक्के देत असतात त्यांना पुरून उरावं लागतं. त्या धक्क्यांच्या ऊर्जेचं माप आम्ही 'केटी' म्हणतो. खोलीच्या तापमानाला ते साधारण ४ भागिले १० चा २१ वा घात, एवढे जूल. प्रकाशाने खणलेला खड्डा दहा केटी खोल असला तर कण त्यात टिकतो, हा अ‍ॅश्किन यांच्या १९८६ च्या कामातला निकष.

आमच्या हिरव्या झोतासाठी झिंक ऑक्साइडचा हिशोब केला. अपवर्तनांक २ धरला. १०० नॅनोमीटर व्यासाच्या गुठळीसाठी खड्डा सुमारे ७५ केटी. ५० नॅनोमीटरच्या कणासाठी साडेनऊ, म्हणजे काठावर. २० नॅनोमीटरच्या सुट्या कणासाठी केटीच्या निम्म्याहून थोडा जास्त, म्हणजे तो कण खड्ड्यात पाय ठेवून न थांबता पुढे जाणार. ५ नॅनोमीटरच्या क्वांटम डॉटचं, म्हणजे अर्धवाहकाच्या अगदी चिमुकल्या कणाचं, तर नावच नको. (तरीही २००८ मध्ये कोपनहेगनच्या एका गटाने १०६४ नॅनोमीटरच्या लेसरने एकेक क्वांटम डॉट धरून दाखवला. वरचा साधा हिशोब तिथे अपुरा पडतो, हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे.) आम्ही सुटे कण धरायच्या भानगडीत पडलो नाही. १०० ते २०० नॅनोमीटरच्या गुठळ्या हेच आमचं लक्ष्य.

कॅडमियम सल्फाइडचा अपवर्तनांक अडीचच्या घरात, म्हणजे तेवढ्याच गुठळीसाठी झिंक ऑक्साइडच्या दीडपट खोल खड्डा. शिवाय त्याचा बँड गॅप, म्हणजे पदार्थाने शोषून घ्यावा यासाठी फोटॉनकडे (प्रकाशाच्या कणाकडे) लागणारी किमान ऊर्जा, २.४२ इलेक्ट्रॉनव्होल्ट. १२४० ला नॅनोमीटरमधल्या तरंगलांबीने, म्हणजे ५३२ ने, भागलं की आमच्या हिरव्या फोटॉनची ऊर्जा येते २.३३. गॅपपेक्षा कमी. म्हणजे पदार्थ हा उजेड खाणारच नाही, काचेसारखा आरपार जाऊ देईल. दोन्ही बाजूंनी फायदाच. प्रकल्पाच्या अर्जात मी हे वाक्य मोठ्या आत्मविश्वासाने लिहिलं होतं.

कॅडमियम सल्फाइड आम्हीच बनवलं. कॅडमियमचा क्षार, सोडियम सल्फाइड, कण फार वाढू नयेत म्हणून थायोग्लिसरॉल. पिवळं धमक द्रावण. झिंक ऑक्साइडचं पांढरं दूध वेगळ्या बाटलीत.

३० मायक्रोमीटरची भानगड

आता त्या दुपारकडे परत. भिंगाखाली हिरवा ठिपका अर्ध्या मायक्रोमीटरचा. झोताची ओढ असते ती उजेड जिथे झपाट्याने कमी-जास्त होतो तिथेच. ठिपक्याच्या कडेपासून एक मायक्रोमीटर दूर गेलं की कणाला झोताची खबरही लागायला नको. ठिपका म्हणजे अंथरलेली एक सोलापुरी चादर धरली, तर आमचा कण ओळीने मांडलेल्या साठाव्या चादरीवरून निघाला होता. एवढ्या लांबून त्याला कुणी बोलावलं?

मी तिला इतकंच म्हटलं, "अगं, लांबून येतोय तोवर तो प्रकाशाचा नाही." तिचा चेहरा उतरला. मला वाईट वाटलं, पण वाक्य मागे घेण्यासारखं नव्हतं.

जवळ आल्यावर कणांचं काय होतं तेही बघितलं. एखादी गुठळी ठिपक्यात शिरायची, क्षणभर अडकल्यासारखी थरथरायची आणि फुर्र करून बाहेर फेकली जायची. कधी काचेला चिकटून बसायची. चिकटलेल्यांचा ढीग वाढला की लांबच्यांचा वेगही वाढायचा. सुरुवातीला सेकंदाला एखादा मायक्रोमीटर, दहा मिनिटांनी तीन-चार. लेसरची शक्ती तीच, ठिपका तोच. इथेच आमचं डोकं चालायला हवं होतं. नाही चाललं.

चुकीच्या वाटा

पहिला संशय लेसरवर. स्वस्त हिरव्या लेसरमध्ये हिरवा उजेड थेट तयार होत नाही. ८०८ नॅनोमीटरचा डायोड एका स्फटिकाला पंप करतो, त्यातून १०६४ निघतो आणि दुसरा स्फटिक त्याची तरंगलांबी निम्मी करून ५३२ करतो. शेवटी अवरक्त उजेड अडवणारी काच हवी. स्वस्तातल्या मालात ती बरेचदा नसते. आमच्यातही नव्हती. शक्तिमापक जे आकडे दाखवत होता त्यात हा न दिसणारा उजेडही मोजला जात होता. १०६४ ला पाणी थोडंसं शोषतं, म्हणून आम्ही उड्या मारत गाळणी बसवली. खरा हिरवा उजेड किती ते कळलं, हिशोब सुधारला (वरचे ३० मिलिवॅट हे गाळणीनंतरचे). कणांचा मोर्चा मात्र चालूच.

दुसरा संशय सोलापूरच्या हवेवर. मार्च उजाडला होता, खोलीत ३८ अंश. काचपट्टीच्या कडेने पाणी उडत असेल तर आतलं पाणी त्या कडेकडे वाहणारच. नेलपॉलिशने चारही कडा बंद केल्या. कडेकडचं वाहणं थांबलं. ठिपक्याकडचं थांबलं नाही.

तिसरी वाट मीच सुचवली आणि तिने पूर्ण एक आठवडा खाल्ला. माझा तर्क असा: उष्णतेमुळे पाणी वाहत असेल तर झोत बंद केल्यावरही ते थोडा वेळ वाहत राहील. आमटीचं पातेलं चुलीवरून उतरवल्यावर आत थोडा वेळ घुसळण चालू राहते तसं. प्रकाशाची ओढ असेल तर कण जागच्या जागी थांबतील. झोत अडवला. कण त्याच चित्रात थांबले. "म्हणजे प्रकाशच, मॅडम!" ती म्हणाली, आणि मी मान डोलावली.

नंतर एका रात्री उष्णता पसरायला किती वेळ लागतो ते मांडून बघितलं. अंतराचा वर्ग भागिले पाण्याची उष्णता-विसरणक्षमता. ३० मायक्रोमीटरसाठी उत्तर सहा मिलिसेकंद. आमच्या कॅमेऱ्याची दोन चित्रं ३३ मिलिसेकंदांच्या अंतराने. आणि दोन काचांमधल्या इतक्या अरुंद फटीत पाण्याला जडत्व जवळजवळ नसल्यासारखंच, ढकलणारा थांबला की तेही थांबतं. पातेल्याचा न्याय फटीला लावला होता. चाचणीतून काहीच सिद्ध होत नव्हतं, ना हे, ना ते.

कपाटातली भिंगरी

आमच्या कपाटात क्रुक्सचा रेडिओमीटर आहे. काचेच्या फुग्यात चार पात्यांची भिंगरी, प्रत्येक पातं एका बाजूने काळं, दुसऱ्या बाजूने चकचकीत. दरवर्षी पहिल्या वर्षाच्या मुलांना मामा ती उन्हात धरून फिरवून दाखवतात. विल्यम क्रुक्स यांनी १८७३ मध्ये ती बनवली तेव्हा त्यांना वाटलं, प्रकाशाचा दाब दिसला. पण दाब असता तर चकचकीत बाजूवर तो दुप्पट पडायला हवा, कारण तिथून प्रकाश परत फिरतो. भिंगरी उलटी फिरते, काळी बाजू मागे हटते. काळी बाजू तापते आणि फुग्यात उरलेली विरळ हवा तिला ढकलते. प्रकाशाचा खरा दाब मोजायला १९०१ उजाडावं लागलं आणि तो मोजणारे रशियन भौतिकशास्त्रज्ञ लेबेदेव यांचा सगळा जीव ही उष्णतेची लुडबूड टाळण्यातच गेला.

अ‍ॅश्किन यांना हे पक्कं ठाऊक होतं. १९७० च्या त्यांच्या निबंधात सुरुवातीलाच उष्णतेमुळे होणाऱ्या गोंधळाचा उल्लेख आहे. म्हणून त्यांनी पारदर्शक कण पारदर्शक द्रवात घेतले. या क्षेत्राची पहिली पायरी म्हणजे शोषण टाळणं. आम्ही ती पायरी एका भागाकाराच्या भरवशावर ओलांडली होती.

आता चाचण्या नीट आखल्या. तीन, तिन्ही स्वस्त.

आधी त्याच द्रवात, त्याच हिरव्या झोतात नुसत्या पॉलिस्टायरीनच्या गोळ्या. जवळची गोळी अडकली, लांबच्या आपल्या जागी डुलत राहिल्या. म्हणजे पाणी स्वतः तापत नाही, लेसरचाही दोष नाही.

मग फटीची उंची. काचपट्टी आणि कव्हरस्लिप यांच्यामध्ये आम्ही दोन्हीकडून चिकटणारी टेप लावतो. आतापर्यंत दोन थर असायचे. एकच थर लावला. तापलेलं पाणी वर चढतं आणि खालून थंड पाणी त्याची जागा घ्यायला येतं. या चक्राला उंची लागते. उंची निम्मी केली तर वेग निम्म्याहून बराच खाली यायला हवा, प्रकाशाच्या ओढीला मात्र काही फरक पडायला नको. एका थरात लांबच्या कणांचा मोर्चा जवळजवळ थांबला. डोळ्यांनी दिसण्याइतका फरक. तीन वेळा करून पाहिलं.

तिसरी चाचणी रंगाची. पण त्याआधी एक प्रसंग झाला तो सांगते. लाल लेसर यायला आठवडा होता. विद्यार्थिनीने कॅडमियम सल्फाइडची नळी उचलली आणि व्हरांड्यात उन्हात घेऊन गेली. मी विचारलं, "काय गं?" तर म्हणाली, "आमच्याकडे सुताचा रंग दिव्याखाली नाही बघत मॅडम, दारात नेऊन बघतात." उन्हात पांढऱ्या कागदासमोर नळी धरली. ट्यूबलाइटखाली पिवळं धमक दिसणाऱ्या द्रावणाच्या तळाशी बसलेला थर स्पष्ट केशरी झाक मारत होता. पिवळा पदार्थ निळा उजेड खातो. केशरीकडे झुकला म्हणजे हिरव्यालाही तोंड लावायला लागला. आमच्या भागाकारातला २.४२ हा आकडा निर्दोष, मोठ्या स्फटिकाचा. आमच्या बाटलीतला माल घाईने बनवलेला, पृष्ठभागावर गंधकाच्या जागा रिकाम्या. असल्या दोषांमुळे गॅपच्या खालच्या ऊर्जेलाही थोडं शोषण होतं. कड सुरीसारखी नसते, उतारासारखी असते, आणि आमचा २.३३ चा फोटॉन त्या उतारावरच उभा होता.

थोडंसं म्हणजे किती

हे "थोडं" शोषण किती असावं लागतं, याचा हिशोब मला सगळ्यात जास्त हादरवून गेला.

पाण्यात तरंगणाऱ्या गोळ्याने शोषलेली शक्ती भागिले (४ गुणिले π गुणिले पाण्याची उष्णतावाहकता गुणिले त्रिज्या), एवढी त्याची तापमानवाढ. १०० नॅनोमीटर त्रिज्येच्या गुठळीवर आमच्या ३० पैकी साधारण १० मिलिवॅट पडतात. त्यातला शंभरावा भाग, म्हणजे ०.१ मिलिवॅट, तिने खाल्ला तर तापमान १३० अंशांनी वाढतं. शंभरात नव्याण्णव भाग आरपार गेला तरी! एवढ्या लहान जागी पाणी १०० अंशांना उकळत नाही, पृष्ठताण बुडबुडा फुटू देत नाही, पण फार लांबही राहत नाही. तो फुर्र करून फेकला जाणारा कण आता समजला.

वर आणखी एक गंमत. कॅडमियम सल्फाइड तापलं की त्याचा बँड गॅप घटतो, अंशाला साधारण ०.४ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट. १०० अंशांनी ०.०४. म्हणजे २.४२ चं २.३८ होतं आणि आमचा फोटॉन उतारावर आणखी वर सरकतो. जास्त शोषण, जास्त तापणं, आणखी कमी गॅप. कर्ज फेडायला कर्ज काढल्यासारखं. काचेला चिकटलेला ढीग वाढला की वाहणं का वाढायचं तेही यातच आलं: एकेक गुठळी पाण्याचं चक्र चालवायला पुरेशी नव्हती, ढीग मिळून काही मिलिवॅट खात होता.

लाल

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ६५८ नॅनोमीटरचा डायोड आला, डीव्हीडी लिहिण्याच्या यंत्रात असतो तो. फोटॉन १.८८ इलेक्ट्रॉनव्होल्टचा, उताराच्या पायथ्यापासूनही बराच खाली. झोत लंबवर्तुळाकार, नमुन्यावर २५ मिलिवॅट, हिशोबाने खड्ड्याची खोली हिरव्याच्या जवळपास निम्मी. मला फार आशा नव्हती.

टेपचे दोन थर मुद्दाम ठेवले, म्हणजे वाहायचं असेल तर वाहू दे. लांबचे कण ढिम्म. दहा मिनिटं थांबलो. ढिम्म. मग तिने चकती फिरवून एक गुठळी हलक्या हाताने ठिपक्याजवळ आणली. एक मायक्रोमीटरच्या आत येईपर्यंत काहीच नाही, आणि मग टपकन आत. विद्यार्थिनीने काचपट्टी डावीकडे सरकवली. बाकीचे सगळे कण पडद्यावर सरकत गेले, ही एक तिथेच. दोन मिनिटं दहा सेकंद. मग बहुधा दुसऱ्या गुठळीशी धडकून निसटली. झिंक ऑक्साइडच्या गुठळ्याही लालमध्ये धरल्या गेल्या. त्या हिरव्यातही धरल्या जायच्या, कारण त्यांचा गॅप ३.३ च्या वर आणि हिरवा त्यांना शिवतही नाही.

खोलीत त्या दिवशी ४१ अंश होते. त्या तापमानाला पाण्याची श्यानता (दाटपणा) २५ अंशांच्या मानाने पाऊण पटीहून कमी, म्हणून कण जास्त उड्या मारतात. नोंदवहीत प्रत्येक निरीक्षणासमोर तापमान लिहायची सवय तेव्हापासून लागली. डिसेंबरच्या नोंदींसमोर ते नाही, याची खंत आहे.

शोषण हा नेहमीच शत्रू असतो असं नाही. फोटॉनची ऊर्जा कणाच्या उत्तेजनाशी नेमकी जुळवली तर प्रकाशाची ओढ पुष्कळ वाढते, आणि ठरावीक आकाराचेच कण निवडून हलवता येतात. जपानमध्ये २००६ साली एका गटाने क्युप्रस क्लोराइडचे नॅनोकण असेच हलवले. त्यांनी पाण्याऐवजी अतिप्रवाही हेलियम वापरला, २ केल्विनच्या आसपास. तो उष्णता इतक्या झटक्यात वाहून नेतो की बुडबुडा होतच नाही. आमच्याकडे एप्रिलात वॉटरकूलरचं पाणीसुद्धा गार मिळत नाही. त्याच वर्षी बर्कलेच्या गटाने अर्धवाहकांच्या नॅनोतारा पाण्यात अवरक्त चिमट्याने उचलून एकमेकींवर रचल्या. आमच्यासारख्यांना तो रस्ता जास्त जवळचा: गॅपपासून शक्य तितक्या खाली राहायचं.

विद्यार्थिनीला मात्र हिरव्या मोर्चाचा मोह सुटला नाही. "उष्णतेने तर उष्णतेने, पण येतायत ना मॅडम?" म्हणाली. तिने हिरवा ठिपका मुद्दाम काचेवर टेकवला, पंधरा मिनिटांत कणांचा एक ढीग जमवला, मग पट्टी सरकवून दुसरा, तिसरा. अशा ढिगांची ओबडधोबड रेघ काढली. रेघेची जाडी पाच-सहा मायक्रोमीटर, कडा फाटक्या. चिमटा म्हणता येणार नाही, केरसुणी म्हणता येईल. मी ते वेगळं प्रकरण करून लिहायला लावलं.

प्रबंधाचं शीर्षक डिसेंबरात अर्जावर गेलं होतं, "प्रकाशदाबाद्वारे कॅडमियम सल्फाइड नॅनोकणांचे नियंत्रण". ते बदलायचं तर नव्याने मंजुरी, नव्याने सह्या, आणि मे महिन्याची तारीख डोक्यावर. शीर्षक तसंच राहिलं. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी पहिला प्रश्न शीर्षकावरच विचारला. ती फळ्याजवळ गेली, एक ठिपका काढला, त्याच्या शेजारी ३० मायक्रोमीटरची रेघ ओढली आणि चादरींपासून सुरुवात केली.

कॅडमियमच्या उरलेल्या पाण्याचा कॅन अजून माझ्या कपाटात आहे. बेसिनमध्ये ओतायचा नाही, घातक कचरा नेणारी गाडी यायची आहे. कॅनवर मामांनी लाल मार्करने लिहून ठेवलंय: 'पिवळं. हात लावू नये.' खाली विद्यार्थिनीने पेनने दुरुस्ती केली आहे: 'केशरी.'